दोन्ही गुडघे उघडे ठेवा

आमच्या शाळेत मुलीला सोडायला येणारी एक आई मागच्या महिन्यात फाटकाशी थांबली आणि इकडे तिकडे बघून म्हणाली, "टीचर, राग मानू नकात, पण तुमका पयलां कसां कळलां?"

तिच्या स्वतःच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत होते. मी तिला "चांगल्या डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नको" असे काहीतरी सांगितले आणि घंटा झाली म्हणून आत गेले. दिवसभर वाटत राहिले की मी तिला काहीच सांगितले नाही. माझ्या पायाचे मला कळले कसे, आणि इतक्या उशिरा का कळले, हे फाटकाशी उभ्याने सांगण्यासारखे नाही. म्हणून लिहिते.

उतरताना

माझे माहेर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, सासर पेडण्यातले, धारगळच्या हमरस्त्यापासून थोडे आत. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याआधी माहेरच्या कोणीही कॉलेज पाहिले नव्हते. आई लोकांच्या शेतात लावणी-कापणीला जायची, वडील कुळागरात सुपारीच्या कामाला. मला शिकवले ते त्या दोघांनी, आणि पुस्तके देणाऱ्या, बसपास मिळवून देणाऱ्या माझ्या शिक्षकांनी. पदवीची टोपी घातलेली माझी तसबीर आईने देवघराच्या शेजारी लावली आहे. पाहुणे आले की त्यांना आधी देव दाखवते की मला, हे तिचे तिलाच ठाऊक.

शाळा टेकडीवर आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढताना काही होत नसे, उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, कोणीतरी बोट रुतवून धरल्यासारखे वाटे. गणपतीची चवथ जवळ आली होती. आमच्या वाड्यावरच्या बायकांचे फुगडीचे पथक आहे आणि माझ्या सासूबाई त्याच्या पुढारी. मी त्यांना माई म्हणते.

"फुगडी घातली काय ढोपर बोलतलाच," माई म्हणाल्या. "माझा बोलता ता वीस वर्सां. आयकता कोण?"

नवऱ्याचे, उमेशचे, मत वेगळे होते. "स्कूटरीक किको मारून मारून जालां ता. तुका सांगलां, स्टार्टर दुरुस्त करून घे म्हणान."

मी दोघांचेही ऐकले नाही. मी फोनवर वाचले. मांडीपासून गुडघ्याच्या बाहेरून खाली जाणारा एक पट्टा असतो, तो घासला गेला की उतरताना दुखते, धावणाऱ्यांना हे फार होते, असे तिथे होते. मी धावत नव्हते, पण फुगडी घालत होते. मला ते पटले. वाचले की कळते, यावर माझा फार विश्वास होता. वाचूनच तर मी इथपर्यंत आले होते.

रोज शाळेतून आल्यावर माई माझा पाय मांडीवर घेत आणि कोमट खोबरेल तेलाने दाबून दाबून चोळत. त्यांच्या हाताला जोर फार. मी ओठ दाबून बसे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणे, "आता बरं वाटतंय."

कापडावरून

चवथ झाली, फुगडी संपली, पण दुखणे संपले नाही. माई मला ओळखीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी विचारले, "कुठे दुखतं?" मी तोंड उघडायच्या आत माईंनी उत्तर दिले, "ढोपर. फुगडी घालता ती." आमच्याकडे असेच असते. ज्याचे दुखते तो खाटेवर बसतो, बरोबरचे मोठे माणूस बोलते.

डॉक्टर म्हणाले, "साडी जरा वर घ्या." मी साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि तिथे मुठीत धरून ठेवली. ते क्षणभर थांबले. भले गृहस्थ होते, माझ्यापेक्षा तेच जास्त अवघडले. मग त्यांनी साडीवरूनच गुडघा चाचपला, वाकवला, सरळ केला आणि म्हणाले, "ताण आहे."

दुसऱ्या वेळी मी एकटी म्हापशाला गेले. त्या दिवशी चुडीदार घातला होता. चुडीदार गुडघ्याच्या वर जात नाही हे मला घालताना ठाऊक होते. मनातून बहुधा तेच हवे होते. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अंगठा रोवला आणि पाय हळूहळू सरळ करत नेला. मी किंचाळले. "पट्ट्याचंच दुखणं," ते म्हणाले. मला तर आनंदच झाला. मी वाचले होते तेच निघाले. त्यांनी ताण देण्याचे व्यायाम शिकवले आणि मी ते परीक्षेच्या अभ्यासासारखे नेमाने करू लागले.

यात त्या दोघांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. झाकलेला गुडघा त्यांनी तपासला. झाकला होता तो मी.

याला एक जुने कारण आहे. माझ्या आईचे गुडघे सगळ्या गावाने पाहिलेले आहेत. चिखलात उतरायचे तर काश्टा वर खोवावाच लागतो. पण माझा शाळेचा झगा ती नेहमी गुडघ्याखाली चार बोटे शिवून घेई. मी कुरकुर केली की म्हणे, "तूं शिकतली. शिकिल्ल्या बायलांचीं ढोपरां दिसूंक नाकात." तिच्या लेखी शिक्षण म्हणजे तेच होते. चिखल नको, ऊन नको, आणि कोणाला गुडघे दाखवायला नकोत. मी पदवी घेतली, नोकरी घेतली, आणि ते वाक्यही तसेच बरोबर घेऊन आले.

चप्पल

पावसाळा सरला तसे दुखणे बदलले. आधी ते उतरताना यायचे. आता मी वर्गात खुर्चीवर नुसती बसलेली असले तरी यायचे, आणि आल्यावर जायचे नाही. नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागापर्यंत एक बधिर पट्टा उतरू लागला. पाण्याची बालदी पायावर ओतली तर तेवढ्या भागात पाणी कोमट की थंड ते कळेना.

मग एका सकाळी मी बसथांब्याकडे चालले होते. मागून पोई, म्हणजे आमच्याकडचा पाव, विकणाऱ्याने सायकलची घंटा वाजवली आणि ओरडला, "टीचर, चप्पल!"

मी मागे पाहिले. माझी उजव्या पायातली चप्पल बरीच मागे रस्त्याच्या मधोमध पडली होती. मी तेवढे अंतर अनवाणी चालून आले होते आणि मला कळलेही नव्हते.

पोईवाला हसला. मीही हसले. मग चप्पल उचलून वादी तुटली आहे का ते पाहिले; वादी धड होती.

त्यानंतर उजवे पाऊल उंबऱ्याला अडखळू लागले. चालताना ते टाचेवर टेकून मग फटकन खाली आपटे. उमेश स्वयंपाकघरातून ओरडे, "कोण आयलां? पोलीस?" एक दिवस तो ओरडायचा थांबला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. घरातला हसवणारा माणूस हसवायचा थांबतो तेव्हा त्यालाही काहीतरी दिसलेले असते.

हाफ पँट

शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेने म्हापशातल्या एका हाडांच्या डॉक्टरबाईंचे नाव सांगितले. उमेशची औषध कारखान्यात पाळी होती. आई म्हणाली, मी येते. शुक्रवार होता. ती डिचोलीच्या बसने आली, मी पेडण्याच्या. बस स्टँडवर भेटलो तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकची मोठी पिशवी होती. शुक्रवारच्या बाजारातून मिरच्या घेतल्याशिवाय ती डॉक्टरकडेही जाणार नाही.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. आईने सुरुवात केली, "तिका कितें जाता..." त्यांनी हात वर केला. "आई, त्यांना सांगू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एका बोटाने दाखवा."

मी गुडघ्यावर अख्खा पंजा ठेवला.

"एका बोटाने. सगळ्यात जास्त जिथे दुखतं तिथे."

माझे बोट सलवारीवर फिरत राहिले. कापड सरके आणि जागा हरवे.

"पडद्यामागे हाफ पँट आहे. ती घालून या. दोन्ही गुडघे दिसले पाहिजेत."

"डॉक्टर, दुखतो तो उजवा."

"डावा बघितल्याशिवाय उजवा कसा आहे ते मला कसं कळणार?"

मी पडद्यामागे गेले. निळ्या रंगाची, इलॅस्टिकची ढगळ हाफ पँट खुंटीवर होती. मी ती हातात धरून उभी राहिले. किती वेळ उभी होते सांगता येत नाही, पण पलीकडे खुर्चीवर आईची पिशवी चुळबुळत होती, आणि मग तिचा आवाज आला.

"वच गो, घाल. म्हजीं ढोपरां सगळ्या शेतान पळयल्यांत. तुज्यांक कोण खाता?"

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. मी हाफ पँट घालून बाहेर आले. आईने माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहिले आणि लगेच मिरच्यांत डोके घातले. मी लहान असताना न्हाऊ घालायची, त्यानंतर तिने ते बहुधा पाहिले नसावेत.

तपासणी सुरू झाली. डॉक्टरबाई तपासताना बोलत होत्या, काय करणार ते आधी सांगत होत्या. मला उताणी झोपवून त्यांनी दोन्ही गुडघे वाकवून शेजारी शेजारी उभे केले आणि स्वतः खाली वाकून दोन्हींची उंची डोळ्यांनी मापली. मग सांध्याच्या फटीवर बोटे दाबत गेल्या. टाच एका हातात धरून गुडघा बाहेरच्या बाजूला ढकलून पाहिला, म्हणजे बाहेरचा बंध सैल आहे का ते कळते. पाऊल वळवून गुडघा मिटवला, उघडला. "काही अडकतं?" नाही. कुशीवर वळवून पाय मागे नेला आणि अलगद सोडला. तो जसा पडायला हवा तसा पडला.

मग त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर अंगठा ठेवला आणि पाय हळूहळू सरळ करू लागल्या. ही तपासणी मला पाठ होती. इथे दुखणार, मी आधीच दात आवळले.

"दुखलं?"

"हो... म्हणजे थोडं."

"खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका."

मी नीट लक्ष दिले. "नाही. इथे नाही दुखलं."

"मग हा पट्टा नाही."

मागच्या वेळी किंचाळले होते ते मला आठवले. कापडावरून ठेवलेला अंगठा थोडा खाली सरकला असणार. आणि खाली दुखतच होते.

त्यांचाही अंगठा आता खाली सरकला. गुडघ्याच्या बाहेर, थोड्या खालच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाचे टोक गोटीसारखे लागते. तिथे तो थांबला.

तोपर्यंत त्या बोलत होत्या. आता बोलायच्या थांबल्या. त्यांनी डाव्या पायावरची तीच जागा चाचपली. पुन्हा उजवी. पुन्हा डावी. मग उजव्यावर बोट ठेवून, माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत राहिल्या, जसे माणूस अंधारात किल्ली चाचपताना दुसरीकडेच बघते.

मागे पिशवीचा आवाज बंद झाला होता.

"पायाचे अंगठे वर ओढा, स्वतःकडे. मी खाली दाबणार, तुम्ही दाबू द्यायचं नाही." डावा त्यांच्या हाताला पुरून उरला. उजवा बोट लागताच खाली पडला. त्यांनी त्या गोटीच्या मागे टिचकी मारली आणि माझ्या पावलाच्या शेंड्यापर्यंत विजेसारखी चमक गेली. "टाचांवर चालून दाखवा." मी निघाले. उजवे पाऊल वर राहिलेच नाही. निळी हाफ पँट घालून मी त्या खोलीत फटक, फटक करत गेले आणि फटक, फटक करत परत आले. कोणी हसले नाही.

"तुमच्याबरोबर आई आल्यात," त्या म्हणाल्या. "घरचं आणखी कोण येऊ शकेल?"

या प्रश्नानंतर डॉक्टरांनी काहीही सांगितले तरी ते आधीच कळलेले असते.

खालच्या मजल्यावर फोटो काढला. डाव्या पायाचे बारीक हाड पांढरे, भरीव. उजव्याचे टोक फुगलेले आणि आतून पोकळ, वाळवी लागलेल्या वाशासारखे.

"बाय, वायट कांय ना मगे?" आईने विचारले.

"आई, गाठ आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय मी चांगलं म्हणणार नाही, आणि वाईटही म्हणणार नाही. तुम्हीही ठरवू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी कोणी तेल लावून चोळत असेल तर आजपासून बंद."

आई त्या दिवशी डिचोलीच्या बसकडे गेलीच नाही. न विचारता माझ्याबरोबर पेडण्याच्या बसमध्ये चढली आणि मिरच्यांची पिशवी तान्ह्या मुलासारखी पोटाशी धरून बसली.

पाकळी

चोळणे बंद, एवढेच मी माईंना सांगितले. का, ते सांगायची गरज पडली नाही. माईंनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले आणि आत निघून गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्या खोलीत येईनात. पेज दारातल्या स्टुलावर ठेवून जात.

गाठीचे कळल्यावर उमेश चिडला होता, पण कोणावर चिडायचे ते त्याला कळत नव्हते. "दोन दोन डॉक्टरांक दाखवलां. एकाकय दिसला नाय?"

"मी दाखवलाच नाय, उमेश," मी म्हटले. "मी साडी धरून बसलंय."

तो माझ्या पायाशी बसला. मग म्हणाला, "आणि मी पोलीस आयले म्हणी हसतंय."

बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढला, मोठ्या यंत्रात घालून पायाचे आतले फोटो काढले, आणि वाट बघणे सुरू झाले. या वाट बघण्याबद्दल लोक फार लिहीत नाहीत, कारण तेव्हा काहीच घडत नाही. मी शाळेत जाई, पाढे घेई, आणि मुले 'एके'वरून 'दुणे'वर जात तेवढ्यात माझ्या मनात एक पाय नसलेली बाई फळ्याशी उभी राही. आई आणि माई एका स्वयंपाकघरात दोन टोकांना वावरत. आईला वाटे, चोळून चोळून वाढवले. माईंना वाटे, आईला तसे वाटते. बोलत कोणीच नव्हते. नारळ खवण्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा येई.

एका सकाळी माई लवकर न्हाऊन देवळात गेल्या. आमच्याकडे मोठा निर्णय असला की देवाला प्रसाद लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी पडली की देवाचा होकार. माई दुपारी परत आल्या, कितीतरी दिवसांनी थेट माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "उजवी पडली. भियाव नको."

मला देवाचा कौल किती कळतो, ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी जेवले.

पुढे सगळे पार पडल्यावर उमेशने सांगितले की त्या दिवशी पाकळी पडलीच नव्हती. ना उजवी, ना डावी. माई ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिल्या होत्या.

वॉर्ड

निकाल आला त्या दिवशी बांबोळीला मला दाखल करून घेतले आणि तिथले मोठे डॉक्टर माझ्या खाटेच्या कडेवर बसले. मोठे डॉक्टर उगाच खाटेवर बसत नाहीत.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. उमेशने खाटेचा दांडा धरला. "पण सोडून देण्यासारखी गाठही नाही. ही हाड खाते, आणि काढल्यावर परतही येऊ शकते. हाडाचं ते टोक काढून टाकावं लागेल. अडचण अशी की पाऊल वर उचलणारी नस तिथूनच वळसा घालून जाते, आणि गाठ तिच्यावर बसली आहे. नस वाचवायचा प्रयत्न करू. पाऊल पुन्हा उचललं जाईल का, हे आज मी सांगू शकत नाही."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी राउंडला शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला. एका लाजऱ्या मुलाला मोठ्या डॉक्टरांनी पुढे केले, "तपास बघू." त्याने माझ्यावरच्या चादरीवरूनच गुडघ्यावर हात ठेवला. माझी मूठ सवयीने चादरीवर आवळली गेली.

शेजारच्या खाटेवर हरमलची एक म्हातारी होती. मुलाच्या स्कूटरवरून पडून खुबा मोडलेला, पण जीभ शाबूत. समुद्रकिनाऱ्यावरच्या घरातल्या खोल्या तिच्याकडचे पर्यटकांना भाड्याने देत. ती म्हणाली, "गो बाय, आमच्या हरमलाक ये. थय ढोपर झाकलेला माणूस दिसलो तर पोलीस धरतले."

सगळा वॉर्ड हसला. मी चादर ओढून बाजूला टाकली, दोन्ही पायांवरची. "आधी डावा बघा," मी त्या मुलाला सांगितले. "मग उजवा. आणि विचारत जा, कारण रुग्ण तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतो."

त्याने डावा पाहिला. मग उजवा. त्याची बोटे त्या जागी पोचली आणि थांबली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी ओळखले. पुढच्या मुलीने पाहिले. तीही थांबली. एकामागून एक सगळे तिथेच थांबत गेले. मी छताकडे बघत राहिले. माझ्या अंगात काय होते ते इतक्या लोकांच्या बोटांना एकाच ठिकाणी सापडत होते, आणि मी ते इतके दिवस साडीखाली घेऊन हिंडत होते.

ऑपरेशननंतर शुद्ध आल्यावर पहिला आवाज आला तो असा, "पायाचा अंगठा वर ओढा."

मी ओढला. मनातून सगळा जीव लावून ओढला. बँडेजच्या टोकाला माझे पाऊल दिसत होते. ते हलले नाही. ते दुसऱ्या कोणाचे तरी असावे आणि चुकून माझ्या खाटेवर राहिले असावे, तसे पडून होते. उमेश खिडकीबाहेर बघू लागला.

"वाट बघू," डॉक्टर म्हणाले. "नस कापलेली नाही. दुखावलेली आहे."

शुक्रवार

घरी आले. पाऊल लोंबू नये म्हणून पोटरीमागे बसणारी प्लॅस्टिकची पट्टी मिळाली, ती बुटात घालून चालायचे. घरात बूट घालणे माईंना पटेना, आणि अनवाणी पाऊल घसटे. त्यांनी माझ्या जुन्या चपलेला मागून जाड कापडाची वादी शिवली, टाचेला घट्ट बसेल अशी, आणि काही न बोलता उंबऱ्याशी ठेवली. ती चप्पल आजवर एकदाही पायातून सुटलेली नाही. त्यानंतर माई आणि आई एकत्र नारळ खवू लागल्या. काय बोलणे झाले ते मला कोणी सांगितले नाही.

शाळेत मी बसून शिकवते. पायऱ्या उतरताना कठड्याला धरते. आणि ठरावीक दिवसांनी म्हापशाला जाते, कारण गाठ परत येऊ शकते. हे वाक्य मी आता घरातल्या माणसासारखे सांभाळते. त्याला विसरता येत नाही, आणि त्याच्याकडे सारखे बघत बसले तर काम होत नाही.

फाटकाशी भेटलेल्या त्या आईला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावले. ओसरीवर बाकड्यावर बसवले. मला डॉक्टरकी येत नाही, ते मी तिला स्पष्ट सांगितले. एवढेच सांगितले की जाताना ढगळ कपडे घालून जा, बरोबर कोणीही असो, कुठे दुखते ते स्वतः सांग, एका बोटाने दाखव, नाही दुखले तर नाही म्हण, चप्पल सुटत असेल तर तेही सांग, आणि दोन्ही गुडघे उघडे ठेव. ती खाली बघत म्हणाली, "पुरुस डॉक्टर आसलो तर?" मी म्हटले, "तरीय." तिचे दुखणे साधे निघाले. तो खरोखरच पट्टा होता. मला फार बरे वाटले, आणि खोटे कशाला सांगू, थोडा हेवाही वाटला.

गेल्या शुक्रवारी माझी तपासणी होती. आई डिचोलीहून आली, हातात बाजाराची पिशवी. तिला खुर्ची दिली. मला कोणी सांगायच्या आत मी पडद्यामागे गेले आणि निळी हाफ पँट घालून आले.

डॉक्टरबाईंनी आधी डावा पाहिला. मग उजवा. उजव्या बाजूला आता ती गोटी नाही. तिथे खळगा आहे आणि त्याच्यावरून जाणारा लांब व्रण. त्यांचा अंगठा सांध्याच्या फटीवरून खाली आला. त्या बोलत होत्या, पाऊस, शाळा, मुलांच्या परीक्षा. मी ऐकत नव्हते. मी फक्त त्या कधी गप्प होतात याकडे कान लावून होते. मागे पिशवी चुळबुळायची थांबली होती.

अंगठा खळग्याच्या काठाशी आला. आत उतरला. काठाकाठाने फिरला. त्या बोलत होत्या, "...आणि तुमच्याकडे चवथीला या वर्षी फुगडी..." आणि अंगठा पुढे पोटरीकडे निघून गेला.

"आता पायाचे अंगठे वर ओढा."

मी ओढले. डावा झटकन आला. उजवा मी बघितला नाही, डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी एक बोट माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखावर ठेवले होते, जेमतेम टेकवलेले. अंगठा थरथरत होता. पण बोटाखाली तो पडला नव्हता.

"पुढच्या वेळी थोडं जोरात दाबीन," त्या म्हणाल्या.

मागे आईची पिशवी पुन्हा चुळबुळू लागली.